नाममुद्रा आणि परवाना : स्वतंत्र संगीतकार व स्टॉक संगीतसंग्रहांचे करार – एक चिकित्सा

प्रस्तावना

घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित केलेली रचना जगातील कोणत्याही चित्रफीत-निर्मात्यास परवान्यावर देता येईल, ही सोय गेल्या दोन दशकांत लहान गावांतील संगीतकारांपर्यंत येऊन पोहोचली आहे. जाहिरात, माहितीपट, मोबाइलवरील खेळ, शैक्षणिक चित्रफीत यांसाठी तयार पार्श्वसंगीताचा साठा करून ठेवणाऱ्या आणि त्याचे परवाने विकणाऱ्या संस्थांना 'स्टॉक म्युझिक लायब्ररी' असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख 'स्टॉक संग्रह' असा केला आहे. मुरुमसारख्या सीमावर्ती गावातील तरुण वादकाला मुंबई-पुण्याच्या स्टुडिओचे उंबरठे न झिजविता आपली रचना बाजारात मांडता येते, या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच होय.

परंतु या व्यवहाराविषयी मराठीत जे बोलले जाते ते प्रामुख्याने कमाईच्या अंगाने. संगीतकार ज्या करारनाम्यास संमती देतो, त्याकडे एक संहिता म्हणून पाहून तिची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, स्टॉक संग्रहाचा करार संगीतकारास मोबदल्याची शक्यता देतो, मात्र त्या बदल्यात त्याचे नाव रचनेपासून अलग करतो. आणि नाव अलग झाले की पुढील मोबदल्यावरचा त्याचा दावाही दुर्बल होतो. म्हणून 'स्वतंत्र संगीतकार' या संज्ञेतील स्वातंत्र्य मोजावयाचे असेल तर पहिल्या रकमेच्या आकड्याबरोबर नाव, मुदत आणि पुरावा या तीन कसोट्या लावणे आवश्यक ठरते.

नाममुद्रेची परंपरा

मराठी रचनापरंपरेत कर्त्याचे नाव रचनेच्या आतच असते. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. नामदेवांच्या या समकालीन संताचे अभंग शतकानुशतके मुखोद्गत राहिले. ते गाणाऱ्याला पोथीची गरज नव्हती आणि तरीही कर्ता कोण हे विसरता येत नव्हते, कारण अखेरच्या चरणात गोरोबांचे नाव गुंफलेले आहे. ही नाममुद्रा वारकरी अभंगापुरती मर्यादित नाही. शाहिरी काव्यात आणि लावणीतही ती आढळते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी आपल्या लावण्यांतून स्वतःचे नाव सातत्याने गुंफले. रचना फडाबरोबर गावोगाव फिरली, दुसऱ्याच्या तोंडी गेली, तरी नाव तिच्याबरोबरच फिरत राहिले.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. नाममुद्रेने कीर्ती जपली, उपजीविका जपली नाही. पठ्ठे बापूरावांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले, हे सर्वश्रुत आहे. थोडक्यात, जुन्या व्यवस्थेत नाव होते व पैसा नव्हता. शिवाय नाममुद्रेस शब्दांचा आधार लागतो. निव्वळ वाद्यसंगीतात ती गुंफण्यास जागाच नाही. संबळावर गोंधळी जे वाजवितो त्यात त्याचे नाव कोठे घालावयाचे?

आधुनिक माध्यमांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून भारतातील कित्येक पिढ्यांनी रोज पहाटे ऐकली. तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईस आलेले हे ज्यू संगीतकार पुढे मुंबई आकाशवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. धून कोट्यवधींच्या कानांत राहिली, तरी कर्त्याचे नाव मात्र अभ्यासकांपुरते उरले. हिंदी चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादक व संगीत-संयोजकांची स्थिती याहून निराळी नव्हती. गोव्यातील माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ व्हायोलिनवादक व संयोजक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील नायकाला गुरूचे नाव मिळाले आणि ते घरोघरी पोहोचले. पण लोकांनी ते एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून ओळखले. ज्या असंख्य गीतांत त्यांचे कौशल्य होते, त्या गीतांबरोबर ते छापले गेले नाही.

स्टॉक संग्रहातील अनामिकता ही म्हणून पूर्वी कधी न घडलेली गोष्ट नव्हे. नवीन आहे ते एवढेच की, पूर्वी अनामिकता रूढीने येत असे, आता ती कराराच्या कलमाने येते.

स्टॉक संग्रहाचे स्वरूप

तयार संगीताच्या साठ्याची कल्पना शतकाहून जुनी आहे. मेयर डी वुल्फ यांनी १९०९ मध्ये लंडन येथे स्थापन केलेली 'डी वुल्फ' संस्था मूकपटांच्या प्रदर्शनावेळी वाजविण्यासाठी संगीताच्या स्वरलिपी पुरवीत असे. पुढे चित्रपट बोलू लागला आणि स्वरलिपीची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली. आंतरजालाच्या प्रसारानंतर या व्यवसायाचे दरवाजे बाहेरच्या संगीतकारांसाठी उघडले. 'पाँड फाइव्ह' (२००६), 'ऑडिओजंगल' यांसारख्या बाजारपेठांत कोणासही नोंदणी करून रचना सादर करता येऊ लागली. स्वीडनच्या 'एपिडेमिक साउंड' या संस्थेने (२००९) ग्राहकांसाठी वर्गणीची पद्धत रुजविली. कालांतराने या क्षेत्रात केंद्रीकरणही झाले. 'शटरस्टॉक' या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये 'पाँड फाइव्ह' आणि २०२४ मध्ये 'ऑडिओजंगल'ची मातृसंस्था 'एन्व्हाटो' विकत घेतली. मुंबईतही संगीतकार गौरव डगावकर यांच्या सहसंस्थापनेतून 'हूपर' ही भारतीय संगीताचे परवाने देणारी संस्था उभी राहिली आहे.

व्यवहाराचे प्रकार स्थूलमानाने तीन. पहिल्या प्रकारात संगीतकार मालकी स्वतःकडे ठेवून संग्रहास केवळ परवाने विकण्याची मुभा देतो व तीच रचना इतरत्रही देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात मालकी त्याचीच, परंतु ती रचना अन्य संग्रहास न देण्याचे बंधन तो पत्करतो. मोबदल्याचा वाटा सहसा अधिक असतो. तिसऱ्या प्रकारात संग्रह एकरकमी पैसे देऊन हक्कच विकत घेतो. पडद्यावर तिन्ही ठिकाणी 'मान्य आहे' हे बटण सारखेच दिसत असले, तरी पहिल्यात घर भाड्याने दिले जाते आणि तिसऱ्यात ते विकले जाते.

रचनेचा शोध शब्दांनी घेतला जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. ग्राहक भाव, गती, वाद्य, प्रदेश यांची नावे टंकित करतो आणि यादी समोर येते. परदेशी ग्राहकाच्या कल्पनेतील भारत बहुधा सतार, तबला व बासरी यांत सामावलेला असतो. संबळ, तुणतुणे, हलगी ही नावे त्याला ठाऊक नसतात. म्हणून तो ती शोधत नाही, आणि शोधली जात नाहीत म्हणून संगीतकारही आपल्या हलगीवर 'भारतीय ढोल' अशी चिठ्ठी लावतो. कर्त्यापाठोपाठ वाद्याचेही नाव जाते. सांस्कृतिक दृष्टीने ही हानी अधिक गंभीर मानावी लागेल, कारण ती संगीतकार स्वतःच्या हाताने करतो.

'रॉयल्टी-फ्री' या शब्दाची चिकित्सा

या व्यवसायातील सर्वांत दिशाभूल करणारा शब्द म्हणजे 'रॉयल्टी-फ्री'. अनेक जण त्याचा अर्थ 'फुकट' असा घेतात, तर काही 'प्रताधिकार नसलेले' असा. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. रचनेवर प्रताधिकार कायम असतो आणि परवान्यासाठी पैसेही मोजले जातात. ग्राहकाने एकदा शुल्क भरले की ठरलेल्या मर्यादेत प्रत्येक वापरामागे त्याला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा आशय. म्हणजे हा शब्द खरेदीदाराच्या बाजूने घडविलेला आहे. त्याची मुक्तता ही संगीतकाराच्या पुढील उत्पन्नातून होणारी मुक्तता असते.

संगीतातून येणारे उत्पन्न दोन वाटांनी येते. चित्राशी संगीत जोडण्याच्या परवान्याचे शुल्क ही पहिली वाट. दुसरी वाट जाहीर प्रसारणाच्या स्वामित्वधनाची. चित्रफीत दूरचित्रवाणीवर वा अन्य माध्यमांत दाखविली गेली की प्रसारण करणारी संस्था हक्क-संस्थेकडे पैसे भरते आणि ते रचनाकारास वाटले जातात. त्यासाठी कोणती रचना, किती सेकंद, कोणाची, याची नोंद असलेले 'क्यू शीट' भरावे लागते. येथे नाव आणि पैसा यांचा थेट संबंध दिसून येतो. तक्त्यात नाव नसेल, किंवा संग्रहाने दिलेले टोपणनाव असेल, तर वाटप कोणास करावयाचे? काही संग्रह तर रचनाकार कोणत्याही हक्क-संस्थेचा सभासद नसावा, वा ती रचना तेथे नोंदविलेली नसावी, अशी अट घालतात. त्यामुळे दुसरी वाट आरंभीच बंद होते.

कायद्याने दिलेले आणि कराराने घेतलेले

भारतीय कायद्याचा या संदर्भातील प्रवास लक्षणीय आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ चा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची स्थापना मुंबईत १९६९ मध्ये झाली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सोसायटीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी संगीत रचले असल्यास, विपरीत करार नसताना, निर्माता पहिला मालक ठरतो. न्या. कृष्ण अय्यर यांनी पुरवणी टिपणीत, भारतीय संगीतात गायकाचे स्थान एवढे मोठे असूनही कायदा त्याला हक्क देत नाही, याकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क मान्य केले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने रचनाकाराची बाजू अधिक भक्कम केली.

या दुरुस्तीनंतरच्या कलम १८ नुसार, चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या रचनेच्या वापरापोटी समान वाट्याने स्वामित्वधन मिळविण्याचा हक्क रचनाकार आपल्या कायदेशीर वारसांखेरीज वा प्रताधिकार-संस्थेखेरीज अन्य कोणास देऊ शकत नाही अथवा सोडू शकत नाही. विरुद्ध करार निरर्थक ठरतो. याच कलमानुसार, हक्क सोपविताना अस्तित्वात वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमास, त्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, तो करार लागू होत नाही. कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. रचनाकार प्रताधिकार-संस्थेचा सभासद असेल, तर तिच्याकडे आधी सोपविलेल्या हक्कांशी विसंगत असा नवा करार शून्यवत ठरतो. कलम ५७ तर कर्तेपणाचा दावा करण्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेल्यानंतरही रचनाकाराकडेच राहतो असे सांगते. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात आणि अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या प्रकरणात (२००५) दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमास भरीव अर्थ दिला.

कायदा एवढा अनुकूल असताना अडचण कोठे आहे? अडचण करारनाम्याच्या रचनेत आहे. मुदत व प्रदेश यांविषयीची कायद्याची तरतूद करार मौन असतानाच उपयोगी पडते आणि स्टॉक संग्रहाचे करार मौन नसतात. 'चिरकाल' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द त्यांत हटकून असतात. माध्यमांच्या बाबतीत 'सध्याची व भविष्यातील सर्व' असा व्यापक शब्दप्रयोग केला जातो. शिवाय वाद उद्भवल्यास तो कोणत्या देशाच्या कायद्याने व कोठे चालवावयाचा, हेही कराराने ठरविलेले असते. काही डॉलरच्या थकबाकीसाठी मेलबर्न वा न्यूयॉर्क येथे दाद मागणे मुरुमच्या वादकाच्या आवाक्यातील नव्हे. हक्क कागदावर राहतो, तो बजावण्याची जागा मात्र दूर नेलेली असते.

भविष्यातील माध्यम हा आता केवळ तात्त्विक मुद्दा उरलेला नाही. संग्रहांत साठलेले साहित्य कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ लागले. शटरस्टॉकने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा वापरापोटी साहित्य देणाऱ्यांना मोबदला देण्यासाठी निधी जाहीर केला. या वापरात कोणाची कोणती रचना उत्पादनात उतरली हे सांगणे कठीण असते. नाव तुटण्याची प्रक्रिया येथे पूर्ण होते. म्हणून प्रशिक्षणासाठीच्या वापराचे कलम वेगळे आहे काय आणि त्यास नकार देण्याची सोय आहे काय, हे संमतीपूर्वी पाहणे अगत्याचे आहे.

मौलिकतेची हमी आणि लोकसंगीत

प्रत्येक संग्रह रचनाकाराकडून एक हमी घेतो : रचना संपूर्णतः मौलिक आहे आणि तिच्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. हमी खोटी ठरल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी रचनाकाराची. तुळजाभवानीच्या परिसरात वाढलेल्या वादकाने संबळाचा पारंपरिक ठेका आधाराला घेऊन रचना केली, तर तिच्यातील मौलिक भाग कोणता? ठेका परंपरेचा, मांडणी त्याची. परंपरागत ठेक्यावर कोणाचा प्रताधिकार नसल्याने तो वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु तो ठेका स्वतःचा म्हणून जाहीर करणे हे असत्य ठरेल आणि गोंधळी समाजावर अन्यायही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने पारंपरिक ज्ञान व लोकाविष्कार यांसाठी २००० मध्ये आंतरशासकीय समिती स्थापन केली. मे २०२४ मध्ये जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञानावर आंतरराष्ट्रीय करार झाला, तथापि लोकसंगीत त्याच्या कक्षेत आलेले नाही.

मौखिक परंपरेपुढील दुसरा प्रश्न पुराव्याचा. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी भारतीय कायद्यातील 'सांगीतिक कृती'ची व्याख्याच लेखी वा मुद्रित स्वरूपाशी बांधलेली होती. स्वरलिपी न लिहिणाऱ्या आपल्या बहुसंख्य कलावंतांना ती व्याख्या सामावून घेत नव्हती. दुरुस्तीने ही अट काढली, पण पुराव्याची गरज काही संपली नाही. 'शिवस्तुती' या ध्रुपद रचनेवरून उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने एप्रिल २०२५ मध्ये डागर बंधूंना श्रेय देण्याचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. एखाद्याने रचना सादर केली म्हणून तो तिचा कर्ता ठरत नाही, हा खंडपीठाच्या विवेचनाचा गाभा होता. नामवंत घराण्यालाही कर्तेपण सिद्ध करणे कठीण जाते, तेथे नोंद न ठेवणाऱ्या ग्रामीण वादकाची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

यूट्यूबची 'कंटेंट आयडी' ही २००७ पासूनची यंत्रणाही पुराव्याचाच प्रश्न निराळ्या रीतीने उपस्थित करते. ती ध्वनीचे साम्य ओळखते, मालकी ओळखत नाही. विकत मिळणारा तयार तबल्याचा तुकडा दोन संगीतकारांनी वापरला आणि एकाने आपली रचना त्या यंत्रणेत नोंदविली, तर दुसऱ्याच्या ग्राहकावर दावा येऊ शकतो. तयार तुकड्यांऐवजी स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केलेले वाद्य कायदेशीरदृष्ट्याही अधिक सुरक्षित ठरते. मराठवाड्यातील वादकाची हीच बलस्थाने आहेत, कारण हलगी-संबळाचे जिवंत वादन त्याच्या हाताशी आहे.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय संगीत विभागापुरता नाही. महाविद्यालये आज स्वतः या बाजाराची ग्राहक आहेत. ई-साहित्याच्या चित्रफिती, मूल्यांकनासाठीचे माहितीपट, स्नेहसंमेलनाच्या ध्वनिचित्रफिती यांत 'फुकट मिळालेले' संगीत सर्रास घातले जाते. परवाना कोणता व रचनाकार कोण, हे पाहिले जात नाही. विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्याचे दुष्परिणाम शिकविणाऱ्या संस्थेच्या चित्रफितीत संगीताचे श्रेय नसावे, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे.

दुसरे असे की, युवक महोत्सवासाठी दरवर्षी लोकवाद्यवृंद बसविले जातात आणि स्पर्धा संपताच ते विरून जातात. त्यांचे ध्वनिमुद्रण दिनांक, रचनाकार, वादक व वाद्यांच्या नावांसह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन झाले, तर त्यातून कर्तेपणाचा लेखी पुरावा आपोआप उभा राहील. पारंपरिक भाग कोणाकडून शिकला, याची नोंदही त्यात असावी. वाणिज्य व विधी विषयांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी-संगीतकारांना करार वाचून समजावून द्यावा. हक्क विकला जात आहे की परवाना दिला जात आहे, मुदत किती, नाव कोठे येणार, हक्क-संस्थेविषयी अट काय, कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचे कलम कोणते आणि वाद कोठे चालणार, एवढ्या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी पुष्कळ.

समारोप

स्टॉक संग्रहांना सरसकट शोषक ठरविणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. मध्यस्थांची मक्तेदारी त्यांनी सैल केली, आणि मालकी राखून दिलेल्या परवान्यातून एकाच रचनेचे उत्पन्न अनेकदा मिळू शकते, हे मान्य करावयास हवे. आक्षेप आहे तो नाव ही मोबदल्यातून वजा करता येण्याजोगी बाब मानण्यास. पठ्ठे बापूरावांना नावाने पोट भरता आले नाही आणि गोन्साल्विस यांच्या कलेला श्रेयनामावलीत जागा मिळाली नाही. आजच्या कायद्याने या दोन्ही उणिवा भरून काढण्याचे साधन प्रथमच दिले आहे. कलम ५७ ने नाव आणि कलम १८ ने वाटा दिला असताना, न वाचलेल्या करारावर संमती देऊन दोन्ही गमावणे हे स्वातंत्र्य नव्हे.

यास्तव स्वतंत्र संगीतकाराने शक्यतो मालकी राखणारा करार स्वीकारावा, एकरकमी विक्री अपवाद म्हणूनच करावी आणि प्रत्येक ध्वनिफितीच्या माहितीत आपले व वाद्याचे खरे नाव लिहावे. वाद्यसंगीतास अखेरचा चरण नसतो. त्याची नाममुद्रा या नोंदीतच उमटवावी लागते. ती उमटविण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, ही अध्यापकवर्गाची जबाबदारी ठरते.